दोन्हीकडची चौकशी

‘मी’ हे उत्तर काकांना चालत नसे. दार वाजवणारा माणूस कितीही ओळखीचा असो, ‘कोण?’ विचारल्यावर तो ‘मी’ म्हणाला की काका आतूनच म्हणत, “मी तर मीसुद्धा आहे. तुम्ही कोण?” मग बाहेरच्याने नाव, आडनाव आणि काम सांगायचं. आमचा चहावाला सुरुवातीला दारातून ओरडायचा, “काका, मी हो, चहा!” आणि तिथेच उभं राहून राहून त्याचा चहा निवायचा. शेवटी तो पाढा म्हटल्यासारखं आपलं पूर्ण नाव आणि हॉटेलचं नाव म्हणत आत यायला लागला. तो गेल्यावर आम्हीही त्याच चालीत ते म्हणायचो आणि हसायचो. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

रत्नागिरीत माळनाक्यावरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटरवर असते. काका तिथे कॉम्प्युटर सांभाळायचे. त्याआधी बरीच वर्षं ते बोटीवर होते. आमच्या गावात बोटीवर असलेली माणसं घराघरात सापडतील, पण काका रेडिओ ऑफिसर होते. पुढे बोटींवर उपग्रहाची यंत्रं आली, रेडिओ ऑफिसर लागेनासे झाले आणि काका घरी आले. घरी बसून कॉम्प्युटर शिकले. “समुद्रावर बोलताना आधी कोणाला हाक मारतोय ते सांगायचं, मग आपण कोण ते, आणि मग काम,” असं ते सांगत. “जमिनीवरची माणसं सरळ कामावर येतात.” जमिनीवरच्या माणसांबद्दल त्यांचं मत एकूणच फारसं बरं नव्हतं.

एकदा त्यांना बँकेतून फोन आला. माझ्यासमोरच बोलत होते. पलीकडच्या मुलीने पडताळणीसाठी जन्मतारीख विचारली असावी. काका म्हणाले, “आधी तुमची सांगा.” ती गडबडली. काका शांतपणे म्हणाले, “बाळ, फोन तू केलास. तू बँकेतली आहेस हे मला कसं कळावं? मी मीच आहे का हे तुला बघायचंय, तसं तू तूच आहेस का हे मला बघायला नको?” बोलणं बरंच लांबलं. शेवटी त्या मुलीने वैतागून फोन ठेवला, आणि काका समाधानाने म्हणाले, “बघ, नव्हतीच बँकेतली.” दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्यावर कळलं की बँकेतलीच होती.

घरीही तेच. मुरुगवाड्यात त्यांचं लहानसं घर आहे, पुढे चिऱ्याचा गडगा आणि गेट. खिशात लॅचची चावी असायची, तरी काका बेल वाजवत. आतून काकू विचारत, “कोण?” काका स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सांगत. काकूंना लहर आली तर त्या पुढेही विचारत. “कुठले?”

“मुरुगवाड्याचे.”

“काय काम काढलंत?”

“जेवायचंय.”

मग दार उघडत असे. हे मी स्वतः ऐकलेलं आहे, लॅबच्या कागदांवर सही घ्यायला गेले होते तेव्हा. जाईजुईसारखी गोड जोडी वगैरे नव्हती ती, दिवसभर एकमेकांवर करवादत असायची. पण दारातला हा खेळ चुकत नसे. काकांची लेक मला एकदा म्हणाली होती, “शाळेत असताना मैत्रिणीला घरी आणायची लाज वाटायची गो. बाबा तिला तिच्या आजोबांचं नाव विचारायचे.”

आता लॅबचं सांगते. आमची बाहेरगावी तीन कलेक्शन सेंटर आहेत, हर्णे, देवरूख आणि लोटे. रक्ताचे नमुने तिथे घेतात, थंड डब्यातून रत्नागिरीला पाठवतात, तपासणी इथे होते आणि रिपोर्ट कॉम्प्युटरवर चढतो. सेंटरवाल्यांनी आपल्या मशीनवरून तो उघडायचा आणि पेशंटला द्यायचा. पूर्वी त्यासाठी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता. तो लॅबच्याच नावाचा होता आणि देवरूखला तर मॉनिटरवर चिकटवलेला होता.

लोट्याला आमचा जो माणूस होता, तो स्वभावाने चांगला. रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘तू कोण, तुझा काय संबंध’ असं विचारणं त्याच्या रक्तात नव्हतं. आपल्याकडे ते कोणाच्याच रक्तात नसतं, ओळखीच्या माणसाला ओळख विचारणं म्हणजे त्याचा अपमान. कारखान्यांना कामगार पुरवणारा एक ठेकेदार त्याच्याकडे सारखा यायचा, ‘आमच्या पोरांचे रिपोर्ट आले का’ विचारायला. एक दिवस ह्याने त्याला पासवर्डच देऊन टाकला. सारख्या फेऱ्या कशाला मारतोस, तूच बघत जा म्हणाला. त्या ठेकेदाराने मग एकाचा रिपोर्ट पाहिला. त्या कामगाराला आपला आजार कारखान्याच्या गेटवर कळला, आणि उद्यापासून येऊ नकोस हेही तिथेच कळलं. तो नंतर आमच्याकडे आला. भांडला नाही. काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, “ताई, माझ्या आधी त्याला कसा काय कळला?” काका मागे बसून ऐकत होते.

मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या मालकीणबाई आणि डॉक्टर, त्यांनी पासवर्ड बदलायला सांगितला. काका म्हणाले, “बदलून काय होणार? पासवर्ड म्हणजे पायपुसण्याखाली ठेवलेली चावी. ठेवणाऱ्याला वाटतं आपल्यालाच ठाऊक, आणि सगळी वाडी तिथूनच दार उघडते.” मग त्यांनी जे करायचं ठरवलं, त्यासाठी ते कितीतरी दिवस कॉम्प्युटरमध्ये मान घालून होते.

ते काय होतं हे मला समजलं तसं सांगते. आपण बँकेची साइट उघडतो तेव्हा ती साइट आपल्या मशीनला स्वतःचं सर्टिफिकेट दाखवते, मी खरी आहे म्हणून. आपल्या मशीनला मात्र कोणी काही विचारत नाही. काकांनी आमच्या सर्व्हरला शिकवलं की आपलं सर्टिफिकेट दाखव, आणि समोरच्या मशीनकडेही त्याचं माग. दोघांची एकमेकांविषयी खात्री पटली तरच बोलणं सुरू. नाहीतर दार बंद, मग पासवर्ड येत असो वा नसो. प्रत्येक मशीनचं सर्टिफिकेट वेगळं, आणि ते सही करून देणारे काका.

तिन्ही सेंटरच्या लोकांना त्यांनी रत्नागिरीला बोलावून घेतलं आणि समजावलं. लोट्याच्या माणसाला उभं केलं. “तुमच्या गावात परका माणूस आला तर म्हातारे काय विचारतात?”

“कोनाचा रं तू?”

“मग?”

“मंग तो बापसाचा नाव सांगतो.”

“आणि बापसाला ओळखत नसतील तर?”

“आज्याचा सांगतो. नायतर मामाचा. खयतरी जुळतंच.”

“नाही जुळलं तर?”

तो विचारात पडला. “पाणी देतंव. पन मंग पडवीतच बसवतंव.”

“आपला सर्व्हर पाणीसुद्धा देणार नाही,” काका म्हणाले. “तुमच्या सर्टिफिकेटवर माझी सही, म्हणजे तुम्ही माझे. हे जुळलं की आत. आणि हे एका बाजूने नाही हो. लग्न ठरवताना मुलीकडचे मुलाची चौकशी करतात, मुलाकडचे मुलीची करतात. एकाच बाजूने चौकशी केली की पुढे काय होतं ते तुम्ही बघितलेलं असेल.” त्यावर सगळे हसले, म्हणजे सगळ्यांनी बघितलेलं होतं.

सर्टिफिकेट द्यायची काकांची रीत मात्र कोणत्याच पुस्तकात नसेल. फोनवर, मेलवर ते देत नसत. माणसाने आपलं मशीन घेऊन स्वतः यायचं आणि त्यांच्या टेबलासमोर, पाहुण्याच्या खुर्चीत बसायचं. काका त्याला नाव, गाव, काम विचारणार. त्याची गुप्त किल्ली, म्हणजे ते सर्टिफिकेट त्याचंच आहे हे सिद्ध करणारी कॉम्प्युटरमधली खूण, त्याच्याच मशीनवर तयार होणार. तिला पासवर्ड घालायची वेळ आली की काका आपली खुर्ची गर्रकन फिरवून खिडकीकडे तोंड करून बसत आणि खालच्या रिक्षा बघत राहत. “झालं काय?” असं पाठमोरेच विचारत. मी एकदा म्हटलं, काका, तुम्ही नुसतं दुसरीकडे बघितलंत तरी चालेल. ते म्हणाले, “मी तिकडे बघत नाहीये हे समोरच्याला दिसायला पण हवं ना.”

आणि मग खरी गंमत. सगळं झालं की ते सरळ बसून म्हणत, “आता मला विचार.” समोरचा माणूस ओशाळून जाई. हर्णेच्या सेंटरवरची मुलगी कोळ्यांची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, “आवं काका, तुमाला कोन नाय वळखत? काय विचारू?”

“ओळखतेस ते असू दे. विचार.”

“बरं. कोन तुमी?” ती हसू दाबत म्हणाली. काकांनी गंभीरपणे नाव सांगितलं, खिशातून आधार कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं आणि फोटो ताडून बघायला लावला. तिने फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं. “फोटोत केस हायत,” म्हणाली. एवढं एकदाच काकांना मी कामाच्या वेळेत हसताना पाहिलं.

ज्या लॅपटॉपवरून ते सह्या करत तो कधीही नेटला जोडलेला नव्हता. त्यातला वायफायचा तुकडासुद्धा त्यांनी स्क्रू काढून बाहेर काढला होता. “ह्याला मी संन्यास दिलाय,” म्हणत. आमच्याकडची दमट हवा त्याला बाधू नये म्हणून तो फरसाणाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, तळाला तांदूळ पसरून, वर फडकं घालून ठेवलेला असे. डब्याला कडी बसवून कुलूप. तांदूळ अधूनमधून बदलत. जुने तांदूळ घरी नेत, त्याचा भात होई. काकूंनी मला सांगितलं होतं, “कधी काय खायला घालतात ते कळूच देत नाहीत हो. परवा भाताला इलेक्ट्रिकचा वास आला.”

डबा ते सकाळी, पहिल्या चहानंतरच उघडत. जेवणानंतर कधीच नाही. “जेवल्यावर माणूस उदार होतो,” हे त्यांचं कारण. आणि एक नियम, जो पुढे यायचा आहे म्हणून आताच सांगते. स्वतःचं सर्टिफिकेट ते स्वतःच्या खुर्चीत बसून करत नसत. त्याची मुदत संपत आली की ते मला त्यांच्या खुर्चीत बसवत, आपण पाहुण्याच्या खुर्चीत जात आणि मला सगळे प्रश्न विचारायला लावत. मी विचारून ‘ठीक आहे’ म्हटलं की मगच सही. “स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देणारी माणसं जगात कमी आहेत काय?” म्हणत.

हे सगळं सुरू झाल्यावर लगेचच एक दिवस हर्णेचं मशीन अडकलं. सर्व्हर त्याला आत घेईना. तिथे पेशंट ताटकळले, मॅडम चिडल्या. म्हणाल्या, “ती मुलगी ओळखीची आहे, मशीन ओळखीचं आहे. एक दिवस ते सर्टिफिकेट मागणं बंद ठेवा ना!” सर्व्हरला तशी सोय होती. सर्टिफिकेट मागायचं, पण नसलं तरी सोडायचं, असंही त्याला सांगता येतं. काका म्हणाले, “म्हणजे दारावर गुरखा ठेवायचा, आणि त्याला सांगायचं, वाटलं तर विचार.” रिपोर्ट त्यांनी मला फोनवर त्या मुलीला वाचून दाखवायला लावले, तेही मी तिला आणि तिने मला रीतसर नाव-गाव विचारल्यावर, आणि स्वतः दापोलीची एसटी पकडून हर्णेला गेले. तिथे कळलं की लॅपटॉपमधला छोटा सेल संपला होता आणि त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. त्या घड्याळाप्रमाणे काकांच्या सहीची तारीख अजून उजाडायचीच होती. “तुझ्या घड्याळात मी अजून कॉम्प्युटरसुद्धा शिकलो नाहीये,” ते तिला म्हणाले. सेल बदलून, बंदरावरचा मासळीचा लिलाव बघून, सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन ते परत आले. त्या पिशवीमुळे एसटीत शेजारी कोणी बसलं नाही, प्रवास आरामात झाला म्हणाले.

सर्व्हरच्या दाराआतलं रिपोर्टचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं होतं. काकांकडे फक्त दार. कुठल्या सर्टिफिकेटला आतलं काय दिसावं हेही त्यांनी मॅडमशी बसून ठरवलं होतं. तपासणाऱ्यांना आणि मला सगळे रिपोर्ट दिसत, सेंटरवाल्यांना फक्त आपापले. स्वतःच्या सर्टिफिकेटला त्यांनी एकही रिपोर्ट ठेवला नव्हता. मॅडम म्हणाल्या होत्या, अहो, तुम्हाला कशाला अडवू? तर म्हणाले, “मला काम काय पडणार तिथे?”

मग काकूंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे तपासायला आला.

काकू स्वतःच रिक्षाने आल्या होत्या. काकांनी त्यांना काउंटरपाशी पाहिलं. “काय गो, इकडे कशी?”

“गाठ होती जरा, साधी. काढून तपासायला सांगितलंनी डॉक्टरांनी,” काकू म्हणाल्या, आणि वर, “घरी लवकर या, कोळंबी आणलीय.” लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते.

रिपोर्ट मीच छापला. छापताना वाचावाच लागतो, पानं बरोबर आहेत का बघायला. वाचून मी तो उलटा करून ठेवला. वाईट होता. मॅडमनी काकूंना बोलावून घेतलं, दार लावून बराच वेळ समजावलं. काकू बाहेर आल्या तेव्हा काका बँकेत गेले होते. काकू माझ्यापाशी थांबल्या. “ह्यांना एवढ्यात बोलू नको हां बाय. पोरीचं होऊ दे सुखरूप. हे असे आहेत, चेहऱ्यावर सगळं दिसतं ह्यांच्या. तिला कळलं तर ह्या दिवसांत नको.” मॅडमनी त्यांना उपचार लांबवायचे नाहीत हे पुन्हा बजावलं. काकूंनी मान हलवली आणि कागद पिशवीत, कोथिंबिरीखाली घातला.

त्यानंतर मी रोज काकांच्या समोर बसत होते. मला फार वाईट वाटत होतं. काका पहिले दिवस नेहमीसारखे होते. मग त्यांचं बोलणं कमी झालं. आमच्याकडे कोणत्या तपासणीला किती वेळ लागतो हे त्यांना पाठ होतं. घरी ते काकूंना विचारत असणार, रिपोर्ट आला काय, आणि काकू ‘नाही अजून’ म्हणत असणार. तो आलेला आहे हे त्यांना न सांगता कळलेलं होतं. चहावाला एकदा नुसतंच ‘चहा’ म्हणून आत आला आणि काका काही बोलले नाहीत. तो बिचारा घाबरून परत बाहेर गेला आणि नाव सांगून पुन्हा आला.

एक दिवस दुपारी जेवणानंतर मी डबा धुऊन आले, तर टेबलावर फरसाणाचा डबा उघडा होता. लॅपटॉप बाहेर काढलेला, कीबोर्डवर तांदळाचा एक दाणा. काका पाहुण्याच्या खुर्चीत बसले होते.

“बस तिथे,” ते त्यांच्या खुर्चीकडे बोट करत म्हणाले. “मला एक सर्टिफिकेट काढायचंय.”

“तुमच्या सर्टिफिकेटची मुदत आहे अजून, काका.”

“दुसरं. रिपोर्टवालं.”

मी बसले. स्क्रीनवर सगळी तयारी होती, त्यांचं नाव घातलेलं होतं. फक्त सहीचा हुकूम द्यायचा राहिला होता. तो ते केव्हाही देऊ शकले असते. मी यायच्या आधीच देऊन, रिपोर्ट पाहून, सगळं पुन्हा डब्यात ठेवलं असतं तरी कोणाला पत्ता लागला नसता. माझी वाट बघत ते त्या खुर्चीत बसून राहिले होते, ह्याचाच मला त्या क्षणी राग आला.

“विचार,” काका म्हणाले.

“कोण आपण?” माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

त्यांनी नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव.

“कुठले?”

“मुरुगवाडा.”

“कशासाठी हवंय?”

“एक रिपोर्ट बघायचाय.”

“कोणाचा?”

त्यांनी काकूंचं नाव घेतलं. त्यांच्या तोंडून काकूंचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घरात ‘काय गो’च्या पलीकडे ते जात नसत.

“आपण त्यांचे कोण?”

“नवरा.”

पुढचा प्रश्न मला माहीत होता. त्यांनीच तो लोट्याच्या त्या प्रकारानंतर घातला होता आणि आमच्याकडून घोटून घेतला होता. मी तो गाळला असता तर चाललं असतं असं मला अजून अधूनमधून वाटतं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि मी तो गाळावा म्हणून बघत नव्हते.

“पेशंटने बघायला सांगितलंय?”

खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती लवकर सुरू होत नव्हती. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“नाही,” ते म्हणाले.

“मग...”

“मग नाही देता यायचं,” काकांनीच वाक्य पुरं केलं. हात लांब करून कीबोर्डवरचा तांदळाचा दाणा उचलून डब्यात टाकला, लॅपटॉप मिटून आत ठेवला, फडकं घातलं, कुलूप लावलं. मग म्हणाले, “तुला माहित्येय ना?”

मी उठून त्यांची खुर्ची मोकळी केली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “सांगू नकोस.”

पुढे सगळं रीतसर झालं. लेकीला मुलगा झाला. काकूंचं ऑपरेशन मुंबईला झालं, औषधं चालली, केस गेले आणि परत आले. आता त्या बऱ्या आहेत, नातवाच्या मागे धावतात, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी ह्यांना आत घेताना काही विचारलं नाही म्हणून ह्यांनी तिथे काय तमाशा केला ते रंगवून सांगतात. काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःचं सर्टिफिकेट रद्द केलं, मग सर्व्हर उघडायचा प्रयत्न करून बघितला, त्याने आत घेतलं नाही म्हणून मान डोलावली आणि घरी गेले. फरसाणाचा डबा आता माझ्याकडे आहे. तांदूळ मीच बदलते, पण घरी नेत नाही.

ज्या दुपारी त्यांनी डबा बंद केला, त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. सुटायच्या वेळी पाऊस होता आणि रिक्षा मिळत नव्हती. मी म्हटलं, काका, सोडते. ते माझ्या स्कूटीवर मागे बसले, दोन्ही हातांनी मागचा दांडा धरून, मला धक्का लागू नये म्हणून पार शेवटाला. मुरुगवाड्यात गेटपाशी मी थांबले. ते उतरले, छत्री न उघडता पायरीपर्यंत गेले. खिशात हात घातला. किल्ल्या वाजल्या. मग हात तसाच बाहेर काढून त्यांनी बेल दाबली.

आतून काकूंनी विचारलं, “कोण?”

माझ्या डोक्यात पुढचं सुरूही झालं होतं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुरुगवाडा. काका पायरीवर तसेच उभे होते. पागोळ्या त्यांच्या खांद्यावर पडत होत्या.

“कोण आहे हो?” काकूंनी पुन्हा विचारलं.

“मी,” काका म्हणाले.

आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मग कडी निघाली. काकू दारात आल्या, हात पदराला पुसत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कुठले, काय काम, त्यांनी काही विचारलं नाही.

“या आत,” त्या म्हणाल्या. “सांगते.”